पावडरचं रक्त आलं म्हणून रक्तदान बंद? थांबा जरा

सध्या आमच्या रत्नागिरीकडच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: साखरेच्या काचेत रक्त सुकवून पावडर केलीय, कुठल्याही ब्लडग्रुपला चालते, कुठेही ठेवा, पाण्यात कालवा की झालं, आता रक्तदानाची गरज नाही.

साखरेची काच ही गोष्ट खरी आहे. ट्रेहॅलोज नावाची साखर नीट सुकवली की तिचे खडे न होता ती काचेसारखी घट्ट होते, आत अडकलेले रेणू हलत नाहीत आणि माल खराब व्हायचा वेग एकदम कमी होतो. पण ही साखर तांबड्या पेशीच्या आवरणातून सहज आत जात नाही, म्हणून अख्खं रक्त असं सुकवणं फार अवघड, त्यापेक्षा पेशीतलं ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन तेवढं काढून सुकवणं सोपं.

ब्लडग्रुपचं म्हणाल तर तो पेशीच्या आवरणावर असतो, हिमोग्लोबिनला नसतो, तेवढं बरोबर. पण पेशीबाहेरचं मोकळं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शोषून घेतं, रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. अशा मोकळ्या हिमोग्लोबिनच्या, रक्ताऐवजी द्यायच्या पर्यायांच्या 16 चाचण्यांचा एकत्र हिशोब 2008 साली आला, त्यात हार्ट अटॅकचा धोका जवळपास पावणेतीनपट निघाला! म्हणून आता हिमोग्लोबिन कवचात भरायचे प्रयत्न चाललेत, अमेरिकेतल्या एरिथ्रोमरची पावडर त्यातलीच, तिच्या सशांवर चाचण्या झाल्यात.

"कुठेही ठेवा" हे तर आपल्याकडे अजिबात चालणार नाही. थोडा जरी ओलावा शिरला तरी ही काच मऊ पडते, जुलैत बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या एकमेकींना चिकटतात ना, तसंच. पॅकिंग हवाबंदच लागणार. आणि कालवायला नळाचं पाणी नाही हो, शिरेतून द्यायचंय ते, निर्जंतुकच लागतं, कृपा करून घरी काही प्रयोग करू नका.

राहिलं रक्तदान. एरिथ्रोमरमधलं हिमोग्लोबिन मुदत संपलेल्या दान केलेल्या रक्तातूनच काढतात, म्हणजे दाताच नसेल तर पावडर कशाची करणार? शिवाय त्यात प्लेटलेट नाहीत, रक्त गोठवणारं काही नाही. घाटातल्या अपघातात किंवा बाळंतपणात रक्त जात असताना पेशंट मोठ्या हॉस्पिटलला पोचेपर्यंतचे तास अशा पावडरने निभावले तर फार मोठं काम होईल, आणि ते व्हावं असं मनापासून वाटतं, पण तिथे पोचल्यावर खरं रक्त लागणारच. त्यातल्या तांबड्या पेशी रक्तपेढीत 2 ते 6 अंशांवर ठेवूनही जास्तीत जास्त 42 दिवस टिकतात आणि प्लेटलेट तर 5च दिवस.