नर्सबाईंना संशोधनाशी काय काम? एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गेल्या महिन्याभरात नाशिकमधल्या तीन व्हॉट्सॲप गटांवरून एकच मजकूर माझ्याकडे आला. आधी सोसायटीच्या गटावर, मग भावकीच्या, आणि शेवटी आमच्या जुन्या विद्यार्थिनींच्या गटावर. तिथे एकीने खाली लिहिले होते, “मॅडम, याला काय उत्तर द्यायचे?” मजकूर लांबलचक आहे. त्याचा सारांश असा की नर्सिंग कॉलेजच्या शिक्षिका आपल्या विद्यार्थिनींना घेऊन द्राक्षबागांवरच्या मजुरांच्या झोपड्यांत, ट्रक टर्मिनलवर आणि गरीब वस्त्यांत जातात आणि एचआयव्हीविषयी नको ते प्रश्न विचारतात. एड्स तर केव्हाच संपला. संशोधन हे डॉक्टरांचे काम, नर्सने सुई टोचावी. कंडोमच्या गोष्टींनी तरुण पोरे बिघडतात. कोवळ्या मुलींना संसर्गाच्या तोंडी दिले जाते आणि वस्त्यांची बदनामी होते. एवढीच काळजी असेल तर या वस्त्यांतल्या सगळ्यांची सक्तीने तपासणी करून नावे जाहीर करावीत आणि संशोधनाच्या पैशांत औषधे वाटावीत. खाली हात जोडलेले चित्र आणि “प्रत्येक नाशिककराने पुढे पाठवा” ही विनंती.

मी आयुष्यभर पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका, म्हणून नोकरी केली, त्यामुळे या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. पण मजकुरातला प्रत्येक दावा तपासता येण्यासारखा आहे, आणि एका ठिकाणी तो अर्धा बरोबरही आहे.

“एड्स संपला” हा समज पसरतो, कारण त्याला थोडा आधार आहे. देशातले पहिले संसर्ग १९८६ साली चेन्नईत आढळले. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे वॉर्डांत जी हाडांचा सापळा झालेली माणसे दिसत, ती आता फारशी दिसत नाहीत. याचे कारण आजार गेला हे नसून औषध आले हे आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधे, मोफत मिळू लागली, आणि २०१७ पासून सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या कितीही असली तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. माणसे मरेनाशी झाली, म्हणून आजार दिसेनासा झाला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या, २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, त्या एका वर्षात सुमारे ६३ हजार जणांना नव्याने संसर्ग झाला, आणि बाधितांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात होती. २०१० च्या तुलनेत नवे संसर्ग जवळपास ४६ टक्क्यांनी घटले, ही खरी कमाई आहे. प्रौढांमधले ०.२१ टक्के हे प्रमाण ऐकायला नगण्य वाटते, पण ती सरासरी आहे. देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि सुईने नशा करणारे यांच्यात हेच प्रमाण कित्येक पटींनी जास्त असते, आणि स्थलांतरित मजूर व लांब पल्ल्याचे ट्रकचालक यांच्यामार्फत संसर्ग इतर घरांपर्यंत पोहोचतो. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या आणि हंगामाला पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या बोलावणाऱ्या जिल्ह्याने “संपला” म्हणणे जरा धाडसाचेच.

संशोधन हे डॉक्टरांचे काम, या दाव्यापाशी मला थोडे थांबायचे आहे. वाराणशीपासून वॉशिंग्टनपर्यंत कुठेही परिचर्या ही केवळ आज्ञापालनाची कला राहिलेली नाही, हे सांगायला लांब जायला नको. राज्यभरातील नर्सिंग महाविद्यालये ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते आपल्याच म्हसरूळला आहे. तिथल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय आहे, आणि एम.एस्सी.ला प्रबंधाशिवाय पदवी नाही. म्हणजे ज्या “उचापती”बद्दल तक्रार आहे, ती न केल्यास मुली नापास होतील.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की परिचारिकेच्या संशोधनातून नवे काय कळते. दक्षिण आफ्रिकेत डॉक्टर अपुरे होते, म्हणून तिथे एआरटीवरील रुग्णांची देखरेख परिचारिकांकडे दिली तर निकाल बिघडतात का, याची रीतसर तुलनात्मक चाचणी झाली. परिचारिकांच्या हाताखालचे रुग्ण डॉक्टरांच्या रुग्णांपेक्षा मागे नाहीत, असे २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्याकडचे उदाहरण आंध्र प्रदेशातले आहे. ॲडेलिन न्यामाथी या अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिका, आणि त्यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर ग्रामीण भागातल्या एचआयव्हीबाधित स्त्रियांसाठी एक योजना तपासली. गावातल्या आशा कार्यकर्तीला प्रशिक्षण द्यायचे, तिने घरी जाऊन गोळ्यांची विचारपूस करायची, केंद्रापर्यंत सोबत करायची, आहाराकडे लक्ष द्यायचे. ज्या स्त्रियांना अशी सोबत मिळाली, त्यांच्या गोळ्या नियमित झाल्या. यात नवे रसायन कुठलेही नव्हते. औषध कपाटात आहे आणि बाई गावात आहे, मधले अंतर कोण आणि कसे ओलांडणार, एवढाच प्रश्न होता. रुग्णाच्या उशापायथ्याशी दिवसाचे आठ तास जी उभी असते, तिला हा प्रश्न आधी सुचला यात नवल नाही.

आता अर्धी बरोबर असलेली गोष्ट. मजकुरात म्हटले आहे की हे प्रबंध “कपाटात धूळ खातात”. खातात. पुष्कळ खातात. “अमुक वस्तीतील स्त्रियांच्या एचआयव्हीविषयक ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता” या साच्याचे प्रबंध मी स्वतः इतके तपासले आहेत, की शीर्षक झाकूनही निष्कर्ष सांगता यावा. साठ नमुने घ्यायचे, शिकवण्याआधी प्रश्नावली, तक्ते दाखवून पाऊण तास शिकवायचे, आठ दिवसांनी तीच प्रश्नावली, आणि ज्ञानात लक्षणीय वाढ. शिकवल्यावर आठवडाभर लक्षात राहिले, हे सिद्ध करायला प्रबंध लागत नाही. वर्षाला एका मार्गदर्शकाकडे इतके विद्यार्थी, क्षेत्रकार्याला इतके थोडे दिवस, आणि प्रवासाचा खर्च ज्याचा त्याने करायचा असे असेल, तर दुसरे काय निघणार? दोष आहे तो असा. त्याचा अर्थ काम वाईट दर्जाचे होते आहे असा होतो, कामच नको असा होत नाही.

कंडोमची माहिती दिल्याने पोरे बिघडतात, या भीतीची चाचणी एका परिचारिकेनेच केली आहे. लोरेटा जेमट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ६५९ कृष्णवर्णीय शाळकरी मुलामुलींचे गट केले. एका गटाला संयमाचा उपदेश, दुसऱ्याला सुरक्षित संबंधांची माहिती, तिसऱ्याला आरोग्याचे भलतेच विषय. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. संयमाच्या उपदेशाचा परिणाम सुरुवातीला दिसला आणि पुढे ओसरला. सुरक्षित संबंधांचा धडा घेतलेल्यांपैकी जे आधीच त्या वाटेला लागले होते, त्यांच्यात असुरक्षित संबंध कमी झाले. पुढे युनेस्कोने जगभरातले अभ्यास चाळून पाहिले, तेव्हाही लैंगिक शिक्षणामुळे मुले लवकर त्या वाटेला लागतात असे आढळले नाही.

विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. वस्तीवर बसून प्रश्न विचारल्याने एचआयव्ही होत नाही, हे मजकूर लिहिणाऱ्यालाही ठाऊक असावे. खरा धोका वॉर्डात असतो, सुईचा. बाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. कावीळ ‘बी’च्या बाबतीत, लस घेतलेली नसेल तर, हीच शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. त्या काविळीबद्दल कुणी मजकूर फिरवल्याचे मला आठवत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, आम्ही सगळ्या नर्स तेव्हा करत होतो तसे, मी वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवत होते आणि ती डाव्या तर्जनीत गेली. प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत, आणि मग २८ दिवस घ्यायच्या असतात. गोळ्या वॉर्डात होत्या. कपाटाला कुलूप होते, किल्ली परिसेविकांच्या, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख नर्सच्या, पर्समध्ये होती, आणि त्या ड्यूटी संपवून घरी गेल्या होत्या. हात वाहत्या पाण्याखाली धरून मी खुर्चीवर बसले, आणि वॉर्डबॉय सायकलवरून किल्ली आणायला गेला. मला काही झाले नाही. पण तेव्हापासून पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वर्गाला मी दोन गोष्टी सांगत आले: टोपण परत लावायचे नाही, आणि नव्या वॉर्डात पाऊल ठेवल्यावर आधी किल्ली कुणाकडे असते ते विचारायचे. किती वॉर्डांत ती किल्ली रात्री दोन वाजता सापडते, हा नर्सिंगच्या प्रबंधाचा उत्तम विषय आहे, आणि त्याला वस्तीवर जाण्याचीही गरज नाही.

सक्तीची तपासणी आणि जाहीर नावे ही मागणी बेकायदेशीर आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार चाचणीसाठी आणि संशोधनासाठीही व्यक्तीची जाणती संमती लागते, कुणाची बाधा उघड करता येत नाही, आणि नोकरी, शिक्षण किंवा उपचार देण्याआधी चाचणीची अट घालता येत नाही. म्हणजे “नावे लावा” असे लिहून पुढे पाठवणारे गृहस्थ अशा कृत्याची मागणी करत आहेत, ज्यासाठी त्यांच्यावरच कारवाई होऊ शकेल. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. नुकताच संसर्ग झालेल्या व्यक्तीची प्रतिपिंड (अँटीबॉडी) चाचणी काही आठवडे नकारात्मक येऊ शकते. आज सगळ्यांची तपासणी केली तरी पुढच्या महिन्याचे काय? आणि तपासणीची गाडी येणार हे कळले, तर जिला खरी गरज आहे ती बाई आदल्या रात्रीच टोळी सोडून निघून जाईल. उलट, जो माणूस स्वतःहून येतो, गोळ्या घेतो आणि ज्याच्या रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग पुढे जात नाही. उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो, हे २०११ साली जाहीर झालेल्या ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात प्रथम दिसले, त्याचे एक केंद्र पुण्यात होते. भीतीने पळालेला माणूस या उपचारांपर्यंत येत नाही.

वस्तीची बदनामी होते, हा आक्षेप मला या सगळ्यात सर्वांत प्रामाणिक वाटतो. गणवेशातल्या दहा मुली फायली घेऊन एकाच झोपडीत शिरल्या, तर शेजाऱ्यांना सांगायला काही उरत नाही. म्हणून नैतिकता समितीची मंजुरी लागते, म्हणून आम्ही साध्या कपड्यांत दोघी-दोघी जातो आणि सगळ्याच घरांत जातो, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनपासून सुरुवात करतो. जिथे हे पाळले गेले नसेल, तिथे तक्रार जरूर करावी.

राहिला पैशांचा मुद्दा: संशोधन थांबवा, औषधे द्या. औषधे वीस वर्षांहून अधिक काळ मोफतच आहेत. दोन वर्षांपूर्वी दिंडोरी भागातल्या एका बागेवर, डिपिंगच्या, म्हणजे द्राक्षघड औषधाच्या द्रावणात बुडवण्याच्या, दिवसांत, एका विद्यार्थिनीबरोबर मी गेले होते. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. एका बाईने प्रश्नावलीतले सगळे प्रश्न बरोबर सोडवले. एचआयव्ही कशाने होतो, कशाने होत नाही, गोळ्या का चुकवायच्या नाहीत, सगळे तिला पाठ होते. विद्यार्थिनीने पूर्ण गुण मांडले आणि कागद मिटला. मग बाई आम्हाला पाण्याच्या टाकीपर्यंत सोडायला आली आणि तिथे म्हणाली, “बाई, ती बाटली वाजते.” तीस गोळ्यांची प्लास्टिकची बाटली, तीत ओलावा शोषणारी पुडी, आणि एकाच छपराखाली झोपणारी तीन कुटुंबे. रात्री बाटली हलली की सासू विचारते, कसला आवाज? म्हणून तिने गोळ्या बाटलीतून काढून तांदळाच्या डब्यात पुरचुंडी करून ठेवल्या होत्या, डबा दुसऱ्या जावेच्या हाती लागला की त्या दिवशीची गोळी राहायची, आणि त्या गोळ्यांना मूळ बाटलीबाहेर ओलावा लागतो हे तिला कुणी सांगितलेले नव्हते. शिवाय केंद्रावर जायचे तर दिवसाची मजुरी बुडते आणि मुकादमाला कारण सांगावे लागते. ती स्थिर रुग्ण असल्यास एका वेळी जास्त महिन्यांची औषधे मिळू शकतात, हेही तिला तिथेच, टाकीपाशी कळले.

ज्ञानाच्या चाचणीत तिला पूर्ण गुण होते. विद्यार्थिनीने परत आल्यावर मार्गदर्शकांना सांगून प्रबंधाचा विषय बदलला, सहा महिने मागे पडली, आणि नवी प्रश्नावली केली. तिच्यातला पहिला प्रश्न आहे: “गोळ्या घरात कुठे ठेवता?”