‘शिळा सॅल्मन’ या एक ताऱ्याच्या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई. पाहुण्यांसमोर तुमचा बेत फसला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. 400 ग्रामला 1,100 रुपये मोजून ताटात चुरा आला तर कुणाचंही डोकं फिरेल. एक तारा दिलात, तोही मान्य. पण ‘शिळा मासा गळ्यात मारला’ असं लिहिलंत, ते वाचून रात्री घास उतरला नाही. म्हणून चार ओळी जास्त लिहितो.

तो बॉक्स त्याच बुधवारी सकाळी मुंबईहून बर्फात आला होता. तुम्ही आलात पावणेआठला, मी शटर अर्धं खाली ओढलं होतं. तुमच्यासमोर तुकडा कापला, वजन केलं आणि म्हटलं, आज रात्रीच तळा. तुम्ही म्हणालात, आज इसवणाचं (सुरमईचं) हुमण, म्हणजे माशाची आमटी, झालंय आणि उद्या गुरुवार, आमच्याकडे नुस्तं (मासे) चालत नाही. मग फ्रीजरमध्ये टाका, हेही मी सांगितलं होतं. तुम्हीच लिहिलंय की शुक्रवारी संध्याकाळी तळायला काढला आणि तोवर ‘फ्रीजच्या खालच्या कप्प्यात’ होता. गुरुवार मीही पाळतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण ते दोन दिवस माझ्या खात्यावर कसे? आणि एवढ्या लांब अभिप्रायात वास आला असं कुठेच नाही. म्हापशाच्या बाजारात नुस्तं घेणाऱ्या माणसाला शिळं असेल तर आधी नाकाला कळतं, तव्यापर्यंत जावं लागत नाही.

तुम्ही पुरावा दिलात तो ‘पांढऱ्या चिकाचा’. तो चीक नव्हे आणि मासा टिकवायला मारलेलं औषधही नव्हे. ते सॅल्मनच्या मांसातलंच प्रथिन आहे, अल्ब्युमिन. आच जास्त झाली की मांस आवळतं, ते बाहेर येतं आणि अंड्यातल्या पांढऱ्यासारखं थिजतं. सकाळी कापलेल्या तुकड्यातूनही येतं. खाल्लं तरी काही होत नाही.

आगळ (कोकमाचा आंबट रस), हळद, तिखट लावून दुपारपासून ठेवला, साल काढली, रवा लावून बांगड्यासारखा कडकडीत तळला, असं तुम्ही म्हणता. बांगड्याला ठीक आहे. सॅल्मन चार-पाच तास आगळात राहिला की वरचं मांस आंबटानेच पांढरं, भुसभुशीत होतं, आणि साल गेली की त्याला धरून ठेवायला काही उरत नाही. आमच्या घरी तुकडा कागदाने अगदी कोरडा टिपतात, मीठ-हळद लावून दहा मिनिटं, बस्स. तवा तापला की चमचाभर तेल आणि सालीची बाजू खाली. पहिलं अर्धं मिनिट उलथन्याने दाबून धरायचा, नाहीतर साल आकसून तुकडा वाकतो. मग मध्यम आच, आणि हात लावायचा नाही. चार-पाच मिनिटांत साल आपणहून तवा सोडते. चिकटलेला असेल तर खरवडू नका, अजून झालेला नाही. कडेने बघत राहायचं, फिका रंग अर्ध्याच्या वर चढला की उलटायचा, आणि दीड-दोन मिनिटांत उतरवायचा. हे सगळं मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. दुकान बंद करायच्या घाईत राहिलं, तेवढी चूक माझी.

‘यापेक्षा रावस बरा’ म्हणालात. रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात म्हणून लोक तुलना करतात, पण दोन्ही मासे वेगळ्या कुळातले. रावस मलाही आवडतो हो. पण पावसाळी मासेमारीबंदीमुळे 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, रावस आणू कुठून? या 61 दिवसांत दुकानाचं भाडं सॅल्मनच्या त्या थर्माकोलच्या बॉक्सवर निघतं. तुमचा अभिप्राय पडल्यापासून दोन नेहमीची गिऱ्हाइकं ‘सॅल्मन ताजा ना?’ विचारून कोळंबी घेऊन गेली.

पाकिटावर कापल्याची तारीख टाकायला सुरुवात करतोय. तळायची रीत मराठी-कोंकणीत छापून द्यायचंही मनात आहे, छापखान्यात विचारून बघतो. आणखी काय जमेल तेही बघू. तुम्ही परत आलात तर तेवढाच तुकडा अर्ध्या किमतीत देईन, सालीवरचे खवले माझ्या हाताने साफ करून. फक्त बुधवारी संध्याकाळी येऊ नका.