काकांचा अंगठा

परवापासून मी शेजारच्या काकांशी बोलत नाहीये, आणि त्यांना ते कळलेलंही नाही, हा अजून वेगळा अपमान.

जुन्या बाजारात दीडशे रुपयांत सोलिंगेनचा, म्हणजे जर्मनीतल्या पात्यांसाठी प्रसिद्ध गावचा, एक जुना वस्तरा मिळाला. गंजून पार वाट लागलेली. वरचा लाल गंज तेल आणि स्टीलवूलने निघतो हो, खरी डोकेदुखी खालच्या खड्ड्यांची. बारीक, काळे, देवीच्या वणांसारखे. ते बुजवता येत नाहीत, आजूबाजूचं सगळं पोलाद खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायचं, आणि तेही हाताने, कारण ग्राइंडरला लावलं तर कागदासारखी धार तापून निळी पडते, पोलादाचं पाणी उतरतं आणि मग त्या वस्तऱ्याने लोणी कापत बसा.

म्हणून वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक. २२० नंबरपासून सुरू, मग ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. दर नंबरला दिशा बदलायची, आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. २००० नंबर मागितला तर दुकानदार म्हणाला, "गाडी कुठली?" पात्यावर एक नाजूक सोनेरी नक्षी होती, ती पहिल्या पाच मिनिटांत गेली. खड्डे मात्र तिसऱ्या रविवारपर्यंत मुक्कामाला होते.

घरात बंदी, त्यामुळे मी पार्किंगमध्ये बादली घेऊन बसलेलो. पात्यात माझं नाक स्वच्छ दिसायला लागलेलं, आणि नेमके काका दुधाची पिशवी घेऊन आले.

"काय घासताय?"

"वस्तरा."

"दाढी तर वाढवलीये तुम्ही."

"छंद आहे काका."

"हं," असं म्हणाले, शेजाऱ्याचा शुगरचा रिपोर्ट ऐकल्यासारखं. "ब्लेड मिळतं की दोन-चार रुपयाला."

हाच मुद्दा जिलेटने १९०४ साली पेटंट मिळवून मांडला होता आणि सगळ्या जगाला पटला. आमच्या सलूनवाल्याकडेसुद्धा आता अर्धं ब्लेड खोचायचा वस्तराच आहे. पटला नाही तो मला एकट्याला.

मग काका टेकलेच स्कूटरला. का कुणास ठाऊक, गाडी मागच्या नोव्हेंबरवर गेली, बँकेतल्या हयातीच्या दाखल्यावर. "पाच वेळा अंगठा ठेवला हो. पुसून ठेवला, ओला करून ठेवला. मशीन म्हणतं पुन्हा प्रयत्न करा. मी म्हटलं अहो मी समोर उभा आहे, जिवंत आहे, तर तो पोरगा म्हणतो, काका, मशीन नाही म्हणतंय. चाळीस वर्षं लेथवर काढली, रेषा राहतील कुठून?" इथे मला खरंच वाईट वाटलं. ज्याने अंगठा झिजेपर्यंत काम केलं त्यालाच आपण तो झिजला म्हणून तिष्ठत उभं करतो, आणि ज्यांनी आयुष्यभर नुसत्या सह्या ठोकल्या त्यांचे अंगठे कसे पटकन उमटतात. मी हळहळत मान हलवली, हात सैल झाला, आणि तेवढ्यात काकांनी वस्तरा उचलला.

"बघू धार." म्हणून पात्याच्या बरोब्बर मधोमध, सपाट भागावर, अंगठा दाबून फिरवला, घामेजलेला. "छ्या. धारच नाहीये याला."

"अजून लावली नाही काका. आधी पॉलिश, मग निसण्यावर धार, मग चामड्याच्या पट्ट्यावर..."

"मग तीन आठवडे केलंत काय?"

आणि गेले. दुधाची पिशवी माझ्या बादलीत विसरून.

आता खरं तर पातं लगेच पुसून तेलाचा हात द्यायला हवा होता. जुन्या वस्तऱ्याचं पोलाद साधं, कार्बनचं, त्यात जुलै महिना, कपाटातले कपडे आपोआप ओले होतात असा. पण मी इतका चिडलो होतो की तसाच मिटून पेटीत टाकला.

काल उघडला. अंगठा. तपकिरी, ठसठशीत, मधल्या चक्रासकट, रेषा न रेषा मोजून घ्या. बँकेच्या मशीनला पाच वेळा जे जमलं नाही ते माझ्या पात्याने एका फटक्यात घेतलं होतं. येत्या नोव्हेंबरला काकांबरोबर वस्तराच पाठवावा म्हणतो, पण बँकेचा वॉचमन आत सोडेल असं वाटत नाही.

२००० नंबरने पुसून बघितलं, हलत नाही. १००० ने चक्राचा मधला भाग अजून दिसतोच. परत ८०० पासून. आज सकाळी लिफ्टमध्ये काका भेटले, मी मुद्दाम मोबाईलमध्ये बघत राहिलो, तर म्हणतात कसे, "काय, लागली का धार?"