‘तहान लागली की मांजर आपणच पिईल’: एका अर्धसत्याचा प्रतिवाद

मांजर पाळणाऱ्यांच्या मोबाईलवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. मांजर हा मूळचा वाळवंटातला प्राणी आहे, त्यामुळे त्याला फारसे पाणी लागत नाही. भांडे भरून ठेवावे, तहान लागली की ते आपण होऊन पिईल. पीत नसेल तर थोडे दूध द्यावे. नाक ओले असेल तर शरीरात पाणी पुरेसे आहे असे समजावे. आणि भरपूर पाणी पिणारे मांजर ठणठणीत असते. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, आणि त्याची सुरुवात खरीही आहे. अडचण तिथेच आहे, कारण पहिला दावा खरा निघाल्यामुळे पुढचे सगळे दावे विश्वासार्ह वाटू लागतात आणि त्यांची किंमत मांजराला मोजावी लागते. म्हणून एकेक दावा घेऊन त्याचे उत्तर देतो.

प्रथम वाळवंटाविषयी. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर, फेलिस लिबिका. सायन्स या नियतकालिकात 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने जगभरच्या पाळीव मांजरांचे मूळ पश्चिम आशियातील या रानमांजरांमध्ये असल्याचे दाखवले. कोरड्या प्रदेशाचा हा वारसा मांजराच्या मूत्रपिंडांत आजही टिकून आहे. माणसाच्या मानाने मांजर आपली लघवी कितीतरी अधिक दाट करू शकते, म्हणजेच शरीरातील टाकाऊ द्रव्ये थोड्या पाण्यात बाहेर टाकू शकते. याहून पुढे जाऊन, केवळ मांस किंवा मासे खाणारी मांजरे वेगळे पाणी न पिताही आपली पाण्याची गरज भागवू शकतात, असे अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजीमधील 1959 च्या एका शोधनिबंधात मांडलेले आहे. ‘मांजराला पाणी लागत नाही’ या समजुतीला शास्त्रीय आधार शोधायचाच झाला तर तो इथे सापडतो. मात्र तो नीट वाचला की अर्थ नेमका उलटा निघतो. त्या मांजरांचे पाण्यावाचून भागत नव्हते, ती आपले पाणी खात होती. उंदरासारख्या भक्ष्याच्या वजनात सुमारे 70 टक्के पाणीच असते. रानमांजराने पाणवठा शोधला नाही तरी चालते ते यामुळे, आणि आपण त्या भक्ष्याच्या जागी कोरडे दाणे ठेवले की या सवलतीचा पायाच काढून घेतलेला असतो.

किती फरक पडतो, हे साध्या हिशेबाने कळते. मांजराला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण 50 मिली पाणी लागते, आणि त्यात अन्नातून मिळणारे पाणीही धरलेले असते. म्हणजे 4 किलोच्या मांजराला सुमारे 200 मिली. ते दिवसभरात 60 ग्रॅम कोरडे दाणे खात असेल, तर दाण्यांत ओलावा 10 टक्क्यांहून फारसा अधिक नसल्यामुळे त्यातून जेमतेम 6 मिली पाणी मिळते. अन्न पचून जळताना शरीरात तयार होणारे पाणी धरले तर आणखी सुमारे 25 मिलीची भर पडते. उरलेले 170 मिली त्याने प्यायचे असतात. हेच मांजर ओल्या खाद्यावर असेल तर तितक्याच ऊर्जेसाठी त्याला अडीचशे ग्रॅमच्या आसपास खावे लागते, आणि त्या खाद्यात 75 ते 80 टक्के पाणी असल्यामुळे जवळपास सगळी गरज जेवणातच भागते. (उकाडा, गर्भारपण आणि पिलांना दूध पाजण्याचा काळ यांत गरज याहून वाढते.)

आता मजकुरातील सर्वांत घातक दावा: तहान लागली की ते आपणच पिईल. कोरड्या खाद्यावरचे मांजर भांड्यातले पाणी अधिक पिते, हे खरे आहे. परंतु अन्नातले आणि प्यायलेले पाणी एकत्र धरले, तर त्याची बेरीज ओल्या खाद्यावरच्या मांजरापेक्षा सहसा कमीच भरते. शरीरातील पाणी घटल्यावर कुत्रा ज्या तत्परतेने पिऊन तूट भरून काढतो, ती तत्परता मांजरात नसते. त्याची तहान मंद आहे, कारण तिच्यावर फारसे अवलंबून राहण्याची वेळ त्याच्या पूर्वजांवर आली नाही. शिवाय पिण्याची रीतही सावकाश आहे. 2010 मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह वेगवान चित्रीकरण करून दाखवून दिले की मांजर जिभेची द्रोणासारखी पळी करत नाही. जिभेचे टोक पाण्याला नुसते टेकते, झटकन वर उचलले जाते, त्यासोबत पाण्याचा बारीकसा स्तंभ वर चढतो आणि तो कोसळण्याआधी मांजर तोंड मिटते. हे सेकंदाला तीन-चार वेळा घडते आणि दर खेपेला पोटात जाते ते सुमारे 0.14 मिली. वरचे 170 मिली भरायला त्याला बाराशे वेळा जीभ लावावी लागेल. आपल्या मांजराने दिवसभरात तेवढे लपलप केलेले आपण पाहिले आहे का, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

या दाव्यावर मीही विसंबून होतो. आमचा पाच वर्षांचा बोका कोरड्या दाण्यांवर वाढला होता आणि भांडे नेहमी भरलेले असे. एका संध्याकाळी तो लिटर ट्रेमध्ये गेला, पाठीची कमान करून बसला, उठला, माती उकरली आणि पुन्हा बसला. असे त्याने पाच-सहा वेळा केले. मला वाटले बद्धकोष्ठ असेल. जवळ जाऊन पाहिले तर ट्रे कोरडा होता, एका कोपऱ्यात वाटाण्याएवढी गुलाबी गुठळी तेवढी होती. पशुवैद्यांनी पोट चाचपताच मूत्राशय लिंबासारखे टणक लागल्याचे सांगितले आणि त्याच रात्री कॅथेटर घालून लघवी मोकळी केली. तो वाचला, आणि त्या दिवसापासून मी हा विषय गांभीर्याने वाचू लागलो. बोक्याचा मूत्रमार्ग मादीपेक्षा लांब आणि अरुंद असतो. स्ट्रुव्हाइट किंवा कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे, बारीक स्फटिक किंवा सुजेमुळे साचलेला चिकट मळ त्यात अडकला की लघवी तुंबते, रक्तातील पोटॅशियम वाढते, हृदयाची लय बिघडते आणि एक-दोन दिवसांत मृत्यूही ओढवू शकतो. याला केवळ पाण्याची कमतरता जबाबदार असते असे नाही. ताणतणाव, स्थूलपणा आणि मूत्राशयाचा दाह यांचाही वाटा असतो. पण लघवी पातळ असली तर स्फटिक धरण्याची शक्यता घटते, आणि ही एक गोष्ट बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये.

भांडे भरून ठेवले की काम झाले, हाही गैरसमज आहे. भांडे कुठे आहे यावर बरेच अवलंबून असते. लिटर ट्रेच्या शेजारचे पाणी बरीच मांजरे टाळतात, आणि एकाहून अधिक मांजरे असतील तर दांडगे मांजर वाट अडवून बसते आणि भित्रे तहानलेले राहते. म्हणून घरात दोन-तीन ठिकाणी, पसरट काचेच्या, चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यांत रोज ताजे पाणी ठेवावे. वाहत्या पाण्याच्या कारंज्याची बरीच जाहिरात होते. काही मांजरे त्यावर खरोखर अधिक पितात, पण अभ्यासांत सरसकट मोठा फरक आढळलेला नाही, त्यामुळे आपल्या मांजराची आवड पाहून ठरवावे.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे पाणी जेवणात मिसळणे. ओल्या खाद्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवले तर बहुतेक मांजरे ते सहज खातात. कोरड्या दाण्यांवरून ओल्यावर नेताना मात्र घाई करू नये. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून मांजराला उपाशी ठेवणे तर फारच धोक्याचे, कारण दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. बिनमिठाचे मांसाचे पाणी चालते, पण त्यात कांदा किंवा लसूण पडलेला नसावा. दोन्हींमुळे मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. न पिणाऱ्या मांजराच्या तोंडात सिरिंजने बळेच पाणी सोडू नये, ते फुप्फुसात जाऊ शकते.

दुधाबद्दल थोडक्यात. आईचे दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांच्या आतड्यात दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज घटत जाते. मग जुलाब होतात आणि पाणी देण्यासाठी योजलेला उपाय शरीरातले पाणीच बाहेर काढतो.

ओल्या नाकाची खूण निरुपयोगी आहे. झोपून उठलेल्या निरोगी मांजराचे नाक कोरडे असू शकते आणि आजारी मांजराचे ओले. त्याऐवजी वरचा ओठ उचलून हिरडीला बोट लावावे: ती ओली आणि निसरडी लागायला हवी, चिकट लागली तर शरीरात पाणी कमी आहे. खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच बसायला हवी, पण म्हाताऱ्या मांजराची कातडी सैल असते आणि लठ्ठ मांजराची तूट झाकली जाते, म्हणून या एका खुणेवर भिस्त ठेवू नये. मला सर्वांत उपयोगी पडतो तो ट्रे. रोज लघवीच्या गुठळ्या किती आणि केवढ्या होतात हे पाहत गेले की आठवड्याभरात आपल्या मांजराचे नेहमीचे प्रमाण कळते.

शेवटचा दावा, की भरपूर पिणारे मांजर ठणठणीत असते. खाद्य आणि हवामान तेच असताना एखादे मांजर, त्यातही वयस्कर, अचानक भांडी रिकामी करू लागले, तर मूत्रपिंडांचा जुनाट विकार, मधुमेह किंवा थायरॉइडचे वाढलेले काम यांची शंका घ्यायला हवी. मूत्रपिंडांची लघवी दाट करण्याची क्षमता ओसरू लागली की पाणी वाहून जाते आणि ते भरून काढण्यासाठी मांजर पीत सुटते. शंका असेल तर मोजणे सोपे आहे. सकाळी मोजून पाणी भरावे, तेवढेच पाणी तशाच दुसऱ्या भांड्यात मांजर पोहोचणार नाही अशा जागी ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हींतला फरक घ्यावा, म्हणजे वाफ होऊन उडालेले पाणी हिशेबातून वगळले जाते. तीन-चार दिवसांचे हे आकडे आणि मांजराचे वजन कागदावर लिहून पशुवैद्यांकडे न्यावे. रक्त आणि लघवीची तपासणी कधी करायची हे ठरवायला त्यांना त्याचा उपयोग होतो.