घर्षण नगण्य माना

शाळेत कप्पीच्या प्रत्येक गणिताखाली एक ओळ असायची: ‘कप्पीचे वजन व घर्षण नगण्य मानावे.’ मी आज्ञाधारक विद्यार्थी होतो. मानलं. पुढे बरंच काही विसरलो, पण ही ओळ अशी मुरली की आमची डिंगी शेडच्या छताला टांगायची वेळ आली तेव्हाही मी ती मनापासून मानतच होतो.

डिंगी म्हणजे मोठ्या बोटीची पोर. नांगरलेल्या बोटीपर्यंत माणसं आणि सामान नेऊन सोडायचं हे तिचं काम, आणि उरलेलं वर्षभर पायात येणं हा तिचा छंद. आमची फायबरची आहे. तीन मीटर लांब, नव्वद किलो वजनाची. शेडमध्ये कुणीही शिरलं की आधी त्याची नडगी तिला भेटते, मग बाकीचा माणूस.

‘‘अहो, वर एवढी जागा रिकामी आहे की,’’ ही एक दिवस छताकडे बघत म्हणाली.

मी लगेच कागद घेतला. नव्वद किलो, दोन टोकं, म्हणजे टोकाला पंचेचाळीस. खालच्या कप्पीला जितके दोर पेलून धरतात तितक्यांनी वजनाला भागायचं. दोर चार घेतले तर सव्वाअकरा किलो. म्हणजे पाण्याची भरलेली बादली. बादली तर आपण रोज उचलतो! एवढ्या सोप्या कामाला लोक इतकी वर्षं का घाबरतात, असं वाटून मला मानवजातीची थोडी कीवच आली.

मग मी कप्प्या निवडायला बसलो, आणि कीव करण्याचं काम मानवजातीकडे गेलं.

कप्पी म्हणजे दोन गालफडं आणि मध्ये एक चाक, एवढंच माझं ज्ञान. प्रत्यक्षात एकेरी, दुहेरी, तिहेरी असतात. एका आसावर शेजारी शेजारी चाकं असलेल्या असतात. आणि एकाखाली एक, मोठं चाक आणि लहान चाक अशीही जोडी असते, तिला व्हायोलिनच्या आकारावरून फिडल ब्लॉक म्हणतात. काहींच्या बुडाला दोराचं मेलेलं, म्हणजे ओढायचं नसलेलं, टोक बांधायला कडं असतं, ते बेकेट. हे कडं नसलेल्या चार सुंदर कप्प्या आधी मी घेऊन आलो होतो. दोराचं दुसरं टोक बांधायचं कुठे, हा प्रश्न घरी आल्यावर पडला.

एक कप्पी टिकटिक करते. रॅचेट. एका बाजूने मुकाट फिरते, दुसऱ्या बाजूने दोर धरून ठेवते. मला ती फार आवडली, म्हणून मी दोर उलट्या बाजूने ओवला. अर्धा तास मी ओढत होतो आणि ती धरून ठेवत होती. दोघंही आपापलं काम चोख करत होतो.

बॉल बेअरिंग घ्यायची की साधी बुशची, म्हणजे गोळ्यांऐवजी नुसत्या नळीवर घासत फिरणारी, यावर माझ्या मेहुण्याशी दोन संध्याकाळी वाद झाला. बॉल बेअरिंगचं चाक नुसत्या फुंकरीने फिरतं, ते दुकानात फिरवून बघायला फार छान वाटतं. पण ते शिडाच्या दोरासाठी, सतत सैल-घट्ट होणाऱ्या ओढीसाठी चांगलं. महिनोन्‌महिने एकाच जागी वजन टांगून ठेवायचं असेल तर त्या गोळ्या दाबून चपट्या होऊ शकतात. तिथे साधं बुश बरं. हे मेहुण्याचं म्हणणं. तो बरोबर होता, म्हणून वाद दोन संध्याकाळी चालला.

पण बुश म्हटलं की घर्षण आलं. ‘‘भाऊजी, प्रत्येक चाकाला दहा टक्के कापून द्यायचे,’’ मेहुणा म्हणाला. मी हसलो. दहा टक्क्यांनी काय होतं? त्याने कागद ओढून घेतला. पहिल्या चाकावरून गेल्यावर ओढीचे नव्वद टक्के उरतात, दुसऱ्यावरून एक्क्याऐंशी, मग त्र्याहत्तर, मग सहासष्ट. बेरीज तीनशे दहा. म्हणजे माझे चार दोर प्रत्यक्षात तीन दोरांचं आणि वर चिमूटभर काम करणार. ‘‘मग सहा घेऊ,’’ मी म्हणालो. सहाची बेरीज सव्वाचारच्या आतच आली. दोन चाकं वाढवून पदरात एकच दोर पडला, तोही जेमतेम! शाळेने हे सगळं एका ओळीत नगण्य करून टाकलं होतं.

दोराच्या बाबतीत मी ‘जाड तो मजबूत’ या तत्त्वाने बारा मिलिमीटरचा घेतला. कप्पीवर ‘कमाल आठ’ असं कोरलं होतं, ते दोर गालफडांत चेपून बसल्यावर वाचलं. खरं तर आठ मिलिमीटरचा पॉलिएस्टर दोरही हजार किलोच्या वर पेलतो, होडीला तेवढा पुरून उरतो. जाडी लागते ती आपल्या तळहाताला. मग आठचा आणला, पण पीळ घातलेला, तीन पेडांचा. नवा पिळाचा दोर मोकळा सुटायला बघतो. खालची कप्पी स्वतःभोवती हळूच अर्धी गिरकी घेते, मग एक पूर्ण, मग आणखी एक, आणि चारही दोरांची एकमेकांत अशी नेटकी वेणी घालते की नुसती रिबीन बांधायची बाकी राहते. ती वेणी ओढायला लागलं की काहीच हलत नाही, फक्त दोर कण्हतो. कप्पी उलट्या दिशेने फिरवून वेणी सोडवायची, हात काढला की ती पुन्हा घालणार. तिसरा दोर विणलेला आणला. तो लांबीला कमी पडला. मी सात मीटर आणला होता, कारण शेड साडेतीन मीटर उंच. पण होडी दोन मीटर वर न्यायची तर आठ मीटर दोर हातातून ओढावा लागतो. वर-खालच्या कप्प्यांमधलं अंतर गुणिले चार, शिवाय हातात धरायला शेपूट. एका बाजूला पंधरा मीटर लागला. दोर विकणारा मला आता नावाने ओळखतो.

आकड्यांचंही एक आहे. कप्पीवर मोठ्या अक्षरात असतो तो तुटण्याचा भार. रोज वापरायचा भार शोधायला भिंग लागतं, आणि तो बराच कमी असतो. आणि तुळईला यातलं कोणी काही विचारत नाही. कप्पीने आपला भार कमी होतो, तुळईचा वाढतो: होडीचं वजन अधिक आपण खाली ओढतो ते.

या एवढ्याशा वस्तूला लोक हसतात, पण शिडांच्या काळात एकेका युद्धनौकेला हजारभर कप्प्या लागायच्या. त्या करायला इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेलने आखलेली आणि हेन्री मॉडस्लेने घडवलेली पंचेचाळीस यंत्रं बसवली होती, आणि १८०८ साली तिथे वर्षाला १,३०,००० कप्प्या तयार होत होत्या. दहा साधे मजूर एकशे दहा कारागिरांचं काम करायचे. मला चार कप्प्या निवडायला सात आठवडे लागले.

शेवटी रविवार ठरला. मी, मेहुणा, आणि देखरेखीला ही. ट्रॉलीवरून शेडमध्ये आणताना होडी जरा जास्तच जड लागली, पण मी ते वयावर घातलं. पुढचं टोक आधी वर घेतलं. दमछाक झाली, तरी आलं. दोर खुंटीला बांधला. त्या वेळी होडीच्या पोटात कुठेतरी ‘गुळुक’ असा आवाज झाला. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि कोणीच काही बोललं नाही.

मागचं टोक मात्र जागचं हलेना. मेहुणा सुरक्षित अंतरावरून सल्ला देत होता. शेवटी मी दोराच्या शेपटाला वीतभर फास केला, त्यात पाय अडकवला आणि दोर धरून त्यात उभा राहिलो. माझं वजन साठ किलो. साठ चोक दोनशे चाळीस! कागदावर होडी आता भर्रकन वर जायला हवी होती.

मी जमिनीपासून फूटभर उंचीवर लोंबकळत होतो. होडी ट्रॉलीवर बसून होती. तुळई करकरली.

‘‘भाऊजी, साठ चोक नाही,’’ मेहुणा खालून म्हणाला. ‘‘साठ गुणिले तीन पूर्णांक एक. एकशे शहाऐंशी.’’

‘‘पण टोकाला पंचेचाळीसच आहेत ना!’’

तेव्हा हिने होडीच्या तळावर बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला नाही. डिंगी बुडू नये म्हणून तिच्या दुहेरी तळात आणि बाकांखाली हवाबंद कप्पे असतात. पावसात उघड्यावर राहून त्या कप्प्यात कुठल्याशा चिरेतून पाणी शिरलं होतं. नंतर आम्ही हिशेब केला, दीडशे लिटर तरी असावं. लिटरला किलो. पुढचं टोक उचलल्यावर सगळं मागे धावलं होतं. पंचेचाळीस अधिक दीडशे, एकशे पंच्याण्णव. सात आठवडे मी कप्पीचा विचार करत बसलो होतो, आणि घोळ कप्प्यात होता.

‘‘याला मागे एक बूच आहे,’’ ही म्हणाली.

‘‘थांब, आधी मला उतरू—’’

मेहुणा तत्पर आहे. बूच त्याच्या हातात होतं. करंगळीएवढी धार माझ्या खालच्या फरशीवर पडायला लागली. एकशे पंच्याण्णव आणि एकशे शहाऐंशी यांच्यात फरक फक्त नऊ लिटरचा. मी फासात उभा राहून मनातल्या मनात लिटर मोजत होतो. कप्पी एकदा कुरकुरली, आणि मग अत्यंत शांतपणे, कोणी हात न लावता, होडी वर निघाली आणि मी खाली. माझे पाय पाण्यात टेकले, बूड त्यांच्या मागोमाग टेकलं.

मेहुण्याने टेप लावून मोजलं. मी बारा इंच खाली आलो होतो, होडी बरोबर तीन इंच वर गेली होती. सात आठवड्यांत पुस्तकाप्रमाणे आलेलं ते एकमेव उत्तर.