ब्राँझचे ढोल झूगे लियांगने शोधले म्हणे!

ते फॉरवर्ड परत फिरतंय. चीनमधल्या शू राज्याचा पंतप्रधान झूगे लियांग याने इ.स. 225 च्या दक्षिण मोहिमेत ब्राँझचे ढोल शोधून काढले, सैनिक दिवसा त्यात भात शिजवायचे आणि रात्री तोच बडवून शत्रूची झोप उडवायचे. गोष्ट भारी आहे, पण जरा थांबा.

शोध वगैरे काही नाही. चीनच्या युनान प्रांतातल्या (ग्रीस नव्हे!) वानजियाबाच्या थडग्यांत जे ढोल सापडले ते झूगेसाहेबांच्या निदान सहाशे वर्षं आधीचे. ते सोडा, इ.स. 43 मध्ये चीनच्या हान घराण्याचा सेनापती मा युआनने आजच्या उत्तर व्हिएतनाममधलं त्रुंग बहिणींचं बंड मोडलं, तिथल्या लोकांचे ढोल घेतले आणि वितळवून चक्क घोडा ओतला, बादशहाला द्यायला. झूगे जन्मला 181 ला!

भाताचं म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे. या ढोलाला बूड नसतं, उलटा ठेवला की झालं पातेलं, आणि वानजियाबाच्या काही ढोलांवर काजळी पण मिळालीये, त्यामुळे ढोल मुळात भांड्यातूनच आला असं बरेच अभ्यासक मानतात. पण मग ही आयडिया तिथल्या लोकांची, चिनी फौजेची कशी काय?

आणि चिनी फौजेत तर उलटंच होतं. चामड्याचा ढोल वाजला की पुढे, ब्राँझची घंटा वाजली की मागे. आता कोणी चीनच्या हुबेई प्रांतात 1977 ला मिळालेला, प्राचीन शांग घराण्याच्या काळातला ब्राँझचा ढोल पुढे करेल, पण तो चामड्याच्या ढोलाची नक्कल आहे, कातडं ठोकायच्या खिळ्यांची डोकीसुद्धा ओतलीयेत त्यावर, आणि त्याचा या दक्षिणेकडच्या ढोलांशी संबंध नाही.

लढाईत वाजायचे का? हो, वाजायचे की, पण दक्षिणेतल्या टोळ्यांचे. सुई घराण्याच्या इतिहासात लिहिलंय की हल्ला करायचा तर हा ढोल वाजवायचे आणि माणसं ढगासारखी जमायची, ज्याच्याकडे ढोल तो सरदार. 1573 ला चीनच्या मिंग घराण्याच्या सैन्याने सिचुआनमध्ये एका टोळीचे 93 ढोल पकडले तेव्हा त्यांचा म्होरक्या रडत म्हणाला की चांगल्या आवाजाच्या एका ढोलाला हजार बैल मिळतात आणि दोन-तीन हाती आले की माणूस स्वतःला राजा म्हणवू शकतो. मिंग इतिहासात याच लुटीची नोंद काय म्हणून आहे? ‘झूगे ढोल’! लूट दुसऱ्याची, नाव आपल्या हिरोचं.