ट्रॅकमध्ये टॉवेल ठेवा म्हणे!

परवा रात्रीच्या पावसात लोअर परळच्या एका टॉवरमध्ये एकेचाळिसाव्या मजल्यावर हॉलमध्ये तळं साचलं. बंद खिडकीतून. बरं, ते एक वेळ सोडा. मुंबईत पावसाळ्यात काही ना काही गळतंच. पण सकाळी फॅसिलिटी मॅनेजमेंटने सगळ्या फ्लॅटवाल्यांना जे परिपत्रक पाठवलं, त्याने टाळकंच फिरलं. पश्चिमेकडच्या खिडक्यांच्या ट्रॅकमध्ये रहिवाशांनी जुने टॉवेल गुंडाळून ठेवावेत आणि भिजले की पिळून पुन्हा ठेवावेत. खाली कंपनीचा सोनेरी लोगो.

टॉवेल! दहा कोटींचा फ्लॅट. त्यावर सहा टक्के स्टँप ड्युटी, पाच टक्के जीएसटी, म्हणजे एक कोटी दहा लाख नुसते सरकारदरबारी. आणि रात्री दोन वाजता माणसाने काय करायचं, तर उकिडवं बसून टॉवेल पिळायचा. चाळीत गळायचं तेव्हा निदान खाली बादली ठेवा असं सांगायला कोणी लेटरहेड वापरत नव्हतं.

आणि सल्ला नुसता अपमानास्पद असता तरी गिळला असता. तो तांत्रिकदृष्ट्याही उलटा आहे! स्लायडिंग खिडकी पाणी पूर्ण अडवतच नाही. ती पाणी ट्रॅकमध्ये येऊ देते आणि बाहेरच्या बाजूच्या वीप होलमधून, म्हणजे पाणी जायला ठेवलेल्या बारीक भोकांतून, परत बाहेर सोडते. ट्रॅक म्हणजे पन्हळच. त्या पन्हळीत तुम्ही टॉवेल कोंबलात की वीप होलपर्यंत पाणी पोचत नाही, ट्रॅक आधी भरतो आणि आतल्या काठावरून हॉलमध्ये उतरतो. वर टॉवेल पाणी शोषून काठावरून आत ठिबकत राहतो तो वेगळाच. म्हणजे गळती लवकर व्हावी म्हणून अधिकृत सूचना. हे लिहिणाऱ्याच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘टेक्निकल’ हा शब्द असणार, पैज लावतो.

परिपत्रकात पुढे ‘असामान्य वारे’ असंही आहे. असामान्य? अरबी समुद्र काय मागच्या आठवड्यात आला? मुंबईसाठी डिझाइनचा वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात छापलेला आहे. स्ट्रक्चरल कन्सल्टंट तोच आकडा घेऊन कॉलम काढतो. मग खिडकीवाल्याला तो दिसत नाही का? हिशोब शाळेतला आहे. वेगाचा वर्ग गुणिले 0.6, उत्तर पास्कलमध्ये. ताशी 90 किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला 25 मीटर, म्हणजे 375 पास्कल. दहा पास्कलला साधारण एक मिलिमीटर पाणी वर चढतं. म्हणजे 38 मिलिमीटर. आत दाब कमी, बाहेर जास्त, त्यामुळे ट्रॅकमधलं पाणी बाहेर पडायच्या ऐवजी तेवढं उंच उभं राहतं. या टॉवरमध्ये लावलेल्या सेक्शनचा, म्हणजे चौकटीच्या पट्टीचा, आतला काठ जेमतेम 25 मिलिमीटर. पुढचं सांगायला इंजिनियर लागत नाही. तिसऱ्या मजल्यावर हाच सेक्शन आयुष्यभर चालतो, कारण तिथे तेवढा वारा नाही. चाळिसाव्याला काठ उंच हवा, पण मग उंबरा जाड दिसतो आणि आर्किटेक्टला ‘स्लीक लाइन’ हवी असते. ही स्लीक लाइन माझ्या डोक्यात जाते. फार जाते.

त्यात स्वयंपाकघरातली चिमणी लावा. ताशी हजार-बाराशे घनमीटर हवा बाहेर फेकते. सगळ्या खिडक्या बंद, मुख्य दाराला खालून ब्रश, मग बदली हवा येणार कुठून? वीप होलमधून. पावसाळ्यात चिमणी चालू करून ट्रॅकशी कान लावा: पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं. हवा आत येते आणि येताना पाणी उडवते. वीप होलवर बाहेरून झडपेची टोपी असती तर हे बरंच कमी झालं असतं. टोप्या होत्या. गोडाऊनमध्ये. पिशवीत.

अशी वीप होलं तरी मिळाली हे नशीबच म्हणायचं. बऱ्याच फ्लॅटमध्ये ती ग्रॅनाइटच्या सिलखाली, म्हणजे खिडकीच्या तळाच्या फरशीखाली, गाडलेली असतात, कारण आधी चौकट बसते, मग मार्बलवाला येतो, आणि मार्बलवाल्याला ते भोक म्हणजे फॅब्रिकेटरची चूक वाटते. तो त्यावर सिलिकॉन मारून छान गुळगुळीत करून देतो. सिलला बाहेर उतार नसतो, पाणी तिथेच गळून पडावं म्हणून खाली लागते ती ड्रिपची खाच नसते. आणि सगळ्यात महापाप: चौकट काँक्रीटला आवळायला ट्रॅकच्या तळातूनच स्क्रू. ज्या पन्हळीत पाणी साचणार तिच्याच बुडाला भोकं! मग पाणी चौकटीखाली जातं, सिलमधून मुरतं आणि चाळिसाव्या मजल्यावरच्याच्या फॉल्स सीलिंगमधून खाली येतं. तो बिचारा वरच्याच्या बाथरूमवर संशय घेऊन भांडत बसतो, आणि बिल्डर दोघांचं भांडण गॅलरीत उभं राहून बघतो.

चौकट आणि भिंत यांच्यातली फट हा तर वेगळा तमाशा. भिंतीतलं खिडकीचं भोक मापात असेल तर आठ-दहा मिलिमीटर पुरते. इथे एका कोपऱ्यात पाच आणि दुसऱ्यात तीस, कारण अ‍ॅल्युमिनियम शटरिंगने सात-आठ दिवसांत स्लॅब काढायच्या घाईत खिडकीची जागा सोडणारा साचा, ब्लॉकआउट, सरकला तो सरकलाच. ती तीस मिलिमीटरची फट पीयू फोमने भरतात. फोम कापून वर सिलिकॉनचा पातळ थर. सीलंटमागे घालायची फोमची दोरी, बॅकर रॉड? तो स्पेसिफिकेशनमध्ये आहे, साइटवर नाही. जॉइंटच्या दोन बाजूंना चिकटायचं आणि मागे मोकळं राहायचं, रुंदीच्या साधारण निम्मी जाडी ठेवायची, हे सीलंटचं पहिलं तत्त्व. मागेही चिकटलं की ते ताणलं जात नाही, फाटतं. त्यातून ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते मारलेलं. सिमेंटवर आणि मार्बलवर ते चालत नाही, तिथे आम्ल न सोडणारं, न्यूट्रल क्युअर लागतं. ट्यूबमागे काही रुपये वाचले. आणि हे सगळं रंगाच्या, धुळीच्या थरावर. एक उन्हाळा गेला की नखाने अख्खी पट्टी निघते, सापाच्या कातीसारखी.

हे सगळं चालतं कसं? तर मॉक-अप पास झालेला असतो. लॅबमध्ये एक खिडकी, कंपनीचा सर्वांत चांगला फिटर, दर चौरस मीटरला मिनिटाला 3.4 लिटर पाणी, वर दाब, पंधरा मिनिटं. सर्टिफिकेट तयार. मग साइटवर हजारभर खिडक्या, सब-काँट्रॅक्टरचा सब-काँट्रॅक्टर, चौरस फुटावर रेट, आणि ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मे महिन्यात हवी म्हणून एप्रिलमध्ये रात्रपाळी. त्या हजारांतल्या पन्नास खिडक्यांवर जरी प्रेशर चेंबर लावून पाणी मारून पाहिलं असतं तरी हे सगळं उघडं पडलं असतं. म्हणूनच पाहत नाहीत.

कबूल आहे, माझं डोकं या विषयात जरा जास्तच तापतं. कुणाच्या वास्तुशांतीला गेलो तरी सत्यनारायणाच्या आधी मी खिडकीपाशी वाकून ट्रॅक बघत असतो. शटर उचलून रोलर हलवतो, दोन शटर एकमेकांत अडकतात त्या इंटरलॉकच्या वर-खाली ब्लॉक बसवलेत का ते मोबाइलच्या टॉर्चने पाहतो. प्रसादाचा शिरा गार होतो. आता आमंत्रणंच येत नाहीत, आणि बायको म्हणते त्यात आमंत्रण देणाऱ्यांचं काही चुकत नाही.

पण तरी. लॉबीला तिप्पट उंची आहे. इटालियन मार्बल आहे, जो खालच्या ओलीने पिवळा पडायला लागलाय. पोडियमवर इन्फिनिटी पूल आहे, त्याच्या खाली पार्किंगमध्ये स्लॅबमधून चुन्याचे थेंब गाड्यांच्या बॉनेटवर पडतात आणि रंग कायमचा खातात. मजल्यांचे आकडे तर विचारूच नका: तेरा गायब, पोडियमचे मजले मोजलेले, एकेचाळिसावा म्हणजे खरा कितवा हे लिफ्टलाही माहीत नसावं. सँपल फ्लॅटमध्ये खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून दारं नव्हती, पलंग आखूड होता. हे सगळं झालं, आपण गिळलं. पण खिडकीवर छज्जा का नाही? परळच्या जुन्या इमारतींना प्रत्येक खिडकीवर दीड-दोन फूट छज्जा होता. अडाणी होते का ते? आता काच सलग हवी म्हणून छज्जा कापला, आणि सगळं ओझं रबराच्या पट्टीवर.

बरं, दुरुस्ती करायची म्हटली तर बाहेरून करावी लागते. बाहेर जायला गोंडोला, म्हणजे टांगता पाळणा, नाही, गच्चीवर दोर बांधायला अँकरसुद्धा सगळीकडे नाहीत. म्हणून माणूस आतून येतो, आतून सिलिकॉन मारतो आणि सही घेऊन जातो. आतून मारलं की पाणी आतच कोंडतं. नंतर दुसऱ्याच भिंतीतून निघतं. ‘सीलंटची वॉरंटी वर्षभराचीच’ असं सांगतात, तेव्हा रेरा या घरखरेदीदारांच्या कायद्याचं कलम 14(3) दाखवा: ताबा दिल्यापासून पाच वर्षं, कामातला आणि दर्जातला दोषही त्यात येतो, आणि कळवल्यापासून तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. तोंडी सांगू नका. ईमेल करा, पाऊस चालू असताना ट्रॅकचा व्हिडिओ काढा, तारीख-वेळ दिसू दे. आणि टॉवेलचं ते परिपत्रक जपून ठेवा, दोष आहे हे त्यांनी स्वतःच लेखी दिलंय.

तोवर याच बिल्डरच्या वरळीतल्या नव्या टॉवरचं ब्रोशर आलंय. समुद्राकडे तोंड, साडेतीन मीटर उंच काच, बोटाने सरकणारी, आणि ट्रॅक जमिनीत गाडलेला, फरशीशी सपाट. आतला काठ शून्य मिलिमीटर. बुकिंग जोरात आहे म्हणतात.